डॉक्टरांनी गहू बंद सांगितला, आता डब्यात काय देऊ?

(आरोग्याचा धडा : गटाच्या मासिक बैठकीत वाचून दाखवण्यासाठी)



आरोग्याच्या पानावर आजवर आपण रक्तवाढ, लसीकरण, पाळीची स्वच्छता यांवर बोललो. या वेळचा विषय आहे ग्लुटेनमुक्त आहार. नाव ऐकून काही जणी म्हणतील, “हे मॉलमध्ये जाणाऱ्या लोकांचं खूळ, आपला काय संबंध?” संबंध आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांमध्ये काम करताना मला अशी घरं भेटली, जिथे डॉक्टरांनी एका लेकराचा गहू जन्मभरासाठी बंद केलाय. आई धुणीभांडी करते, बाबा रिक्षा चालवतात, महिन्याचा हिशोब रेशनवर बसवलेला असतो. अशा घरात आईचा पहिला प्रश्न आजाराबद्दल नसतो. ती विचारते, “ताई, उद्या सकाळी डब्यात काय देऊ?”

हा धडा त्या प्रश्नासाठी आहे. तुमच्या घरात असं कुणी नसलं तरी वाचा. गटातल्या दहा-बारा जणींपैकी एखादीच्या नात्यात, चाळीत किंवा गावाकडे असं लेकरू निघू शकतं आणि ते वेळेत ओळखायला तुमची मदत होईल.

ग्लुटेन म्हणजे काय? घरीच करून बघा

मूठभर कणीक घट्ट मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मग पाण्याच्या भांड्यात तो गोळा हळूहळू चोळत धुवा. पाणी पांढरं होईल. पाणी बदलत राहा. शेवटी हातात चिकट, रबरासारखा ताणला जाणारा एक लहानसा गोळा उरेल. तेच ग्लुटेन. ते गव्हातलं प्रथिन आहे. पोळी लाटताना फाटत नाही, पाव फुगतो, शेवई तुटत नाही, ते सगळं या ताणामुळे.

आता ज्वारीचं पीठ आठवा. त्याला असा ताण नसतो. म्हणून भाकरी आपण लाटत नाही, थापतो. म्हणून पिठात गरम पाणी घालतो किंवा उकड काढतो. पीठ जुनं होऊन विरी गेली की भाकरी कडेला चिरते. हे सगळं आपल्या आज्यांना ठाऊकच होतं, त्यांनी फक्त ‘ग्लुटेन’ हा शब्द ऐकला नव्हता.

ग्लुटेन असतं तीन धान्यांत : गहू, जव (म्हणजे बार्ली) आणि राय. राय आपल्याकडे फारशी खात नाहीत. जव मात्र माल्टच्या रूपाने येतो, तो कसा ते पुढे बघू. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, मका, राजगिरा या कशातही ते नसतं.

मग गहू वाईट आहे का?

अजिबात नाही. हे आधीच स्पष्ट सांगते, कारण मोबाइलवर “गहू सोडा, वजन घटवा” असे व्हिडिओ फिरत असतात. बहुतेकांना गहू पचतो आणि त्यांनी तो सोडायची काही गरज नाही. तो बाधतो काही ठरावीक लोकांना. त्यांच्यातला सगळ्यात गंभीर आजार म्हणजे सीलिॲक.

सीलिॲक असलेल्या माणसाने गहू खाल्ला की त्याच्या शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलसारखी बारीक लव असते. अन्नातलं सत्त्व ती लव शोषून घेते. गव्हामुळे ती झिजून सपाट होते. मग ताटात कितीही वाढा, अंगी लागत नाही. हा आजार संसर्गाचा नाही. एका ताटात जेवून तो कुणाला होत नाही. रक्ताच्या नात्यात मात्र याचा धोका वाढतो. आई-वडील आणि सख्खी भावंडं यांच्यात साधारण दहा-पंधरा जणांत एकाला हा आजार सापडतो. म्हणून घरात एकाला निघाला की बाकीच्यांची तपासणी करायला डॉक्टर सांगतात.

भारतातल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार दिसला, दक्षिणेत हजारात एकाला. उत्तरेत रोजचा गहू, दक्षिणेत रोजचा भात, हे या फरकामागचं एक कारण मानलं जातं. आपण मध्ये बसतो. आजीच्या काळी भाकरी खाणारी आपली घरं आता दोन्ही वेळा पोळीवर आली आहेत, आणि मुंबईत त्यात सकाळच्या पावाची भर पडते.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध लक्षात कसा आला तेही ऐकण्यासारखं आहे. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना गव्हाबद्दल आधीपासून शंका होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिथे मोठी उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. सगळी माणसं खंगत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारली. पाव परत आल्यावर तीच मुलं पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी हे आपल्या प्रबंधात मांडलं. पथ्य हाच उपचार, हे तेव्हापासून ठरलं. आजही या आजारावर दुसरा उपचार नाही.

कोणत्या खुणांवर लक्ष ठेवायचं?

लहान मुलांमध्ये : वारंवार पातळ, दुर्गंधीची शी, पोट फुगलेलं आणि हातपाय काड्यांसारखे, वजन-उंची न वाढणं, चिडचिड, तोंड येणं.

मोठ्यांमध्ये : सतत थकवा, गॅस आणि पोटदुखी, हाडं दुखणं, मुलींची पाळी उशिरा सुरू होणं, कधीकधी पुन्हा पुन्हा गर्भपात. आणि एक खूण आपल्या बायकांसाठी फार महत्त्वाची : लोहाच्या गोळ्या नेमाने घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणं.

आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आहे. त्यातल्या बहुतेकींना सीलिॲक नसतो. अपुरं खाणं, जास्त रक्तस्राव, जंत अशी कारणं असतात. पण तीन महिने गोळ्या प्रामाणिकपणे घेतल्या आणि आकडा जागचा हलला नाही, तर गप्प बसू नका. “गोळी अंगी का लागत नाही?” असं डॉक्टरांना विचारा. असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

चाचणीआधी गहू बंद करू नका

हे वाक्य बैठकीत दोनदा वाचा. संशय आला की आपण आधी गहू बंद करतो आणि मग दवाखान्यात जातो. त्याने घोळ होतो. या आजारासाठी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी असते. ती संशयास्पद आली तर बहुतेक वेळा दुर्बीण घालून लहान आतड्याचा बारीकसा तुकडा तपासतात. गहू आधीच सोडलेला असेल तर या तपासण्या खोट्याच ‘ठीक’ येऊ शकतात. म्हणून नेहमीसारखं खात असतानाच तपासणी करायची, निदान पक्कं करायचं आणि त्यानंतर गहू बंद.

उपनगरात सुरुवात जवळच्या पालिका दवाखान्यापासून किंवा राजावाडी, कूपर यांसारख्या पालिका रुग्णालयांपासून करा. पुढे गरज पडली तर पोटविकार विभागासाठी केईएम, सायन किंवा नायरला जाण्याची चिठ्ठी मागून घ्या. आधीचे सगळे रिपोर्ट आणि मुलाच्या वजनाचं कार्ड एका पिशवीत घालून न्या. वर्षभराची वजनं एका नजरेत दिसली की डॉक्टरांचं काम सोपं होतं.

ताटात काय येईल?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आपलं नशीब चांगलं आहे, कारण महाराष्ट्राचं जुनं जेवण बरंचसं गव्हाशिवायचंच आहे. गोराई-मनोरीच्या कोळी घरांत तांदळाची भाकरी असते. आरेच्या पाड्यांवर नाचणी आणि वरई नवीन नाहीत. घाटावरून आलेल्या मैत्रिणींकडे ज्वारी-बाजरी आहे. आणि उपासाचं जेवण बघा : वरीचे तांदूळ, साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, रताळं. त्यात मुळात गहू नाहीच.

आठवड्याचा विचार असा करता येईल :

सकाळी : पोहे, तांदळाची उकड, नाचणीची आंबील, मूगडाळीचं धिरडं, तांदळाचे घावन, इडली, साबुदाणा खिचडी.

डब्यात : ज्वारी किंवा तांदळाची मऊ भाकरी आणि सुकी भाजी, लिंबूभात, मुगाची खिचडी, बेसनाची पोळी. भाकरी डब्यात कडक होते म्हणून मुलं खात नाहीत. उकड काढून केलेली भाकरी गरम असतानाच फडक्यात गुंडाळून ठेवली तर दुपारपर्यंत मऊ राहते.

संध्याकाळी : भाजलेले शेंगदाणे-गूळ, चुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू, केळं, उकडलेलं अंडं, चणे.

रात्री : वरण-भात, झुणका-भाकर, मच्छी-भात, कढी-खिचडी.

एक सावधगिरी. गहू बंद म्हणून तिन्ही वेळा नुसता पांढरा भात देऊ नका. पोट भरेल, पण झिजलेल्या शरीराला लोह, कॅल्शियम, प्रथिनं हवी आहेत. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. बाजरीत लोह चांगलं असतं. रोज एका वेळी तरी नाचणी, ज्वारी किंवा बाजरी, सोबत डाळ किंवा अंडं आणि पालेभाजी, असा नेम ठेवा. डॉक्टरांनी दिलेल्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्याही चालू ठेवा.

बंद म्हणजे काय काय बंद?

पोळी, पाव, बिस्कीट, खारी, टोस्ट हे उघडच आहे. त्यापुढची नावं मात्र बायकांना पटकन आठवत नाहीत. मैदा, रवा, लापशी, गव्हाच्या शेवया हे सगळं गहूच. कुरडई गव्हाच्या चिकाची, म्हणून तीही बंद. सातूचं पीठ बंद, कारण त्यात गहू किंवा जव असतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू घालतात. गहू वगळून वेगळी भाजणी करा, चवीत फार फरक पडत नाही.

आणि खपली गहू! सांगली-सातारकडच्या मैत्रिणी नेहमी विचारतात, “खपली चालेल ना? तो तर औषधी.” खपली पौष्टिक असेल, पण तो गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. सीलिॲकच्या रुग्णाला तो चालत नाही.

लपलेला गहू त्याहून अवघड. तो असा येतो :

हिंग : डबीतल्या हिंगाच्या पुडीत बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. वरण, आमटी, लोणचं, पापड, सगळीकडे हा हिंग पडतो. काही कंपन्या तांदळाचं पीठ वापरतात. डबीवरचे घटक वाचून तीच घ्या, नाहीतर फोडणीत लसूण-जिरं पुरे.

दुधात घालायच्या पावडरी : ‘माल्ट’ असं लिहिलेलं असेल तर ते बहुतेक जवापासून केलेलं असतं. मुलाची ताकद वाढावी म्हणून आई तीच पावडर रोज देत राहते आणि आजार सुरूच राहतो.

सोया सॉस : त्यात बहुधा गहू असतो. म्हणून गाडीवरचा चायनीज भातही बंद.

तळण : बटाटावडा बेसनाचा असतो हे खरं, पण तो त्याच कढईत तळतात जिथे समोसा तळला. आणि खाली पाव आहेच.

ओट्स : त्यात मुळात गहू नसतो, पण शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हाची सरमिसळ होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

पाकिटावर ग्लुटेन असलेल्या धान्याची सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पण ती बारीक अक्षरात आणि बहुधा इंग्रजीत असते. त्यावर एक उपाय आहे. व्हीट, बार्ली, माल्ट, सेमोलिना, ग्लुटेन हे पाच शब्द शाळेत जाणाऱ्या मुलाकडून एका पुठ्ठ्यावर इंग्रजीत लिहून घ्या आणि पुठ्ठा पाकिटात ठेवा. दुकानात तो पाकिटाशेजारी धरून अक्षरं जुळवायची. वाचता येत नसलं तरी जुळवता येतं.

“आम्ही तर पोळी देतच नाही”

घाटकोपरच्या एका गटातल्या ताईंची गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीने. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला हा आजार निघाला. ताईंनी पथ्य इतकं कडक पाळलं की घरात बिस्किटाचा पुडा येणं बंद झालं. मुलगी सावरली, शी ठीक झाली, वजनही दीड किलोने वाढलं. पण सहा महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आकडा हवा तसा उतरला नाही, कुठून तरी गहू पोटात जातोय. घरात भांडण झालं. सासूबाईंना वाटलं सून चोरून देते. ताईंना वाटलं सासूबाई देतात.

आम्ही बसून पूर्ण दिवसाचं खाणं कागदावर लिहिलं. मुलगी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी खात होती. ज्वारी दळली जायची वस्तीतल्या गिरणीत, आणि तिथे दिवसभर गहूच दळतात. आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हाचं पीठ जात्यात, पिशवीत, पत्र्याच्या घसरगुंडीत राहायचं आणि ज्वारीत उतरायचं. भर घालायला डबीतला हिंग होताच. म्हणजे दोघीही खऱ्या होत्या. दोष गिरणीच्या पाळीचा होता.

किती पिठाने बिघडतं, याचा हिशोब करून बघा. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरा. म्हणजे एक किलो ज्वारीच्या पिठात एक चिमूट गव्हाचं पीठ पडलं तरी मर्यादा ओलांडली. आणि एका पोळीत दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे पोळीच्या पन्नासाव्या भागाएवढं, पोटात गेलं तरी आतड्याला इजा होऊ शकते. म्हणून “एक घास खाल्ल्याने काय होतंय?” याचं उत्तर “होतं” असं आहे. त्या दिवशी पोट दुखलं नाही तरी आतून झीज होतच असते.

मग काय करायचं? सगळ्यात चांगलं म्हणजे घरघंटी किंवा जातं, ज्यात गहू कधीच दळलेला नाही. ते शक्य नसेल तर गिरणीवाल्या दादांना आजार नीट समजावून सांगा आणि गिरणी झाडून घेतल्यावर सकाळची पहिली पाळी मागा. आधी दोन किलो तांदूळ दळून घ्या. ते पीठ घरातल्या बाकीच्यांना वापरा आणि त्यानंतर रुग्णाचं दळण टाका. याने सरमिसळ कमी होते, पण पूर्ण जात नाही, हे लक्षात ठेवा. दळणाआधी धान्य सुपात घेऊन निवडा. ज्वारी-बाजरीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. त्या ताईंच्या गटाने अंतर्गत कर्जातून घरघंटी घेतली. तिच्यात गहू टाकायचा नाही असा ठराव वहीत लिहिला. पुढच्या तपासणीत मुलीचा आकडा खाली आला.

एकाच ओट्यावर दोन स्वयंपाक

दहा बाय दहाच्या खोलीत दोन स्वयंपाकघरं होत नाहीत. पण हे नियम पाळता येतात :

१. रुग्णाची भाकरी आधी, घरच्यांच्या पोळ्या नंतर. कणकेचा डबा उघडण्याआधी रुग्णाचं अन्न झाकून वरच्या फळीवर ठेवायचं.

२. लाकडी पोळपाट-लाटणं, काथवट, चाळणी आणि तवा वेगळा. लाकडाच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत पीठ अडकतं. स्टीलची आणि काचेची भांडी नीट घासली की चालतात.

३. रुग्णाच्या पिठाच्या डब्याला रंगीत फीत चिकटवा. लहान मुलालाही कळतं.

४. तळण आधी रुग्णाचं. पुऱ्या तळलेलं तेल पुन्हा त्याच्यासाठी वापरू नका.

५. लोणचं, चटणी, तूप यांत पोळीचा हात किंवा उष्टा चमचा घालायचा नाही. त्याची वाटी आधीच वेगळी काढा.

६. भांडी घासायचं फडकं आणि ओटा पुसायचं फडकं रोज धुवा.

घराबाहेर, सणावाराला

मुंबईत सोमवार ते शनिवार माणूस घराबाहेरच असतो. कामावर जाणाऱ्या मोठ्या रुग्णाने डबा सोडायचा नाही, एवढा एकच नियम. गाडी चुकली, उशीर झाला तर स्टेशनवर वडापाव नाही, केळी-शेंगदाणे. हॉटेलात साधा डोसा घ्यायचा असेल तर पिठात रवा-मैदा घालता का हे विचारा. रवा डोसा नको.

शाळेत वर्गशिक्षिकेला आणि अंगणवाडीत सेविकाताईंना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. खाऊच्या पाकिटात गहू आहे का, ते विचारून घ्या. वर्गात वाढदिवसाला केक येतो तेव्हा लेकरू एकटं पडतं. त्यासाठी शिक्षिकेकडे दोन राजगिऱ्याच्या वड्या आधीच देऊन ठेवा.

सण अडत नाहीत. संक्रांतीला तिळगूळ चालतो, गुळाची पोळी नाही. गणपतीत उकडीचे मोदक चालतात, तळलेले नाहीत. दिवाळीत अनारसे, बेसनाचे लाडू, गहू न घातलेल्या भाजणीची चकली चालते. करंजी, शंकरपाळे, रव्याचे लाडू नाहीत. पुरण वाटीत घालून तुपाबरोबर द्या, पुरणपोळीची हौस बरीचशी भागते. चर्चच्या गावठाणातल्या भगिनींनी फुगे करताना मैदा आठवावा, तांदळाचे चितापे मात्र बिनधास्त द्यावेत.

सगळ्यात अवघड जातो तो प्रसाद. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो. “देवाचा आहे, त्याने काही होत नाही,” असं म्हणून तो हातावर ठेवतात आणि आईला नाही म्हणता येत नाही. ताई, हात जोडून खोबरं किंवा केळं मागा. आणि पूजा तुमच्याच घरी असेल तर शिरा वऱ्याच्या तांदळाचा करा, म्हणजे सगळ्यांनाच घेता येईल. मिस्साच्या भाकरीतही गहू असतो. फादरांशी आधी बोललात तर ते मार्ग काढतात.

खर्चाचं काय?

मॉलमध्ये ग्लुटेनमुक्त बिस्किटं, पास्ता, ब्रेड मिळतात. त्यांची किंमत बघून छातीत धडकी भरते. ती आपल्याला लागत नाहीत. भाकरी, भात, डाळ, भाजी एवढ्यावर हे पथ्य पूर्ण होतं. रेशनवर तांदूळ आणि गहू दोन्ही मिळत असतील तर तांदूळ रुग्णासाठी नीट निवडून बंद डब्यात आधी काढा, गहू बाकीच्यांना वापरा. तांदळाच्या गोणीत गव्हाचा माप घालू नका, घरात दोन मापं ठेवा. ज्वारी-नाचणी चार-पाच घरांनी मिळून गावाकडून मागवली तर स्वस्त पडते. इथेच गावातल्या गटांना एक काम आहे. तुमच्याकडची नाचणी, वरई, ज्वारी शहरातल्या गटांना थेट हवी आहे. संघाच्या बैठकीत हे मांडा.

मुलगी असेल तर

हे लिहायला मला जड जातं, पण लिहिलं पाहिजे. मुलगा झिजला की लगेच दवाखाना गाठतात. मुलगी झिजली की “बारीकच आहे ती अंगाने,” असं म्हणून सोडून देतात. सून सतत थकली तर “कामचुकार” ठरते. पोळी खाल्ल्यावर पोट दुखतं म्हणाली तर “नखरे” ठरतात.

आणि निदान झालेल्या मुलीचं लग्न ठरताना आजार लपवतात. मग ती सासरी गेल्यावर सगळ्यांसमोर पोळी खाते आणि महिन्याभरात आजारी पडते. कारण विचारलं तर सांगता येत नाही. मैत्रिणींनो, हा आजार पथ्याने पूर्ण आटोक्यात राहतो. पथ्य पाळणारी मुलगी शिकते, नोकरी करते, तिची बाळंतपणं नीट होतात. लपवण्यासारखं यात काही नाही. लपवलं तर मात्र तिचं नुकसान पक्कं आहे. सोयरीक ठरवतानाच सांगा : “आमच्या मुलीला गहू चालत नाही, ती भाकरी खाते.” ज्यांना हे एवढं वाक्य जड वाटतं, त्यांच्या घरी ती कशी नांदेल, याचाही विचार करा.

पीठ विकणाऱ्या गटांसाठी

आपले कितीतरी गट नाचणीचं पीठ, भाजणी, लाडू करून प्रदर्शनात आणि सरसमध्ये विकतात. हल्ली गिऱ्हाईक विचारतं, “ग्लुटेन-फ्री आहे का?” आणि आपण उत्साहाने “हो” म्हणतो. नाचणीत ग्लुटेन नाही हे खरं, पण ती कुठे दळली? गव्हाच्या गिरणीत दळलेली असेल तर तुमचं “हो” ऐकून एखादी आई ते पीठ आजारी लेकराला घालेल. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय हा शब्द पाकिटावर छापू नका. जे खरं आहे ते लिहा : “१०० टक्के नाचणी. गहू दळणाऱ्या गिरणीत दळलेली.” गिऱ्हाईक तुमच्यावर जास्त विश्वास ठेवील. आणि ज्या गटाला खरोखर या धंद्यात उतरायचंय त्याने वेगळी गिरणी, वेगळी जागा, अन्नसुरक्षेची नोंदणी आणि मालाची तपासणी यांचा खर्च धरूनच कर्जाचा अर्ज करावा. या मालाला मागणी आहे, पण तिच्या मागे कुणाच्या तरी लेकराचं पोट आहे.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात कुणाचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वाढलेलं नाही असं आहे का? तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाईल?

२. प्रत्येकीने घरातली हिंगाची डबी आणि एक बिस्किटाचा पुडा आणावा. घटक सगळ्यांनी मिळून वाचावेत.

३. वस्तीतल्या गिरणीत गहू आणि ज्वारी कशी दळतात ते दोघींनी जाऊन बघावं आणि पुढच्या बैठकीत सांगावं.

४. गव्हाशिवाय केलेला एकेक पदार्थ पुढच्या बैठकीला आणावा. अंदाज घेऊन नको, मापासकट. चांगल्या पाककृती पुढच्या अंकात गटाच्या नावाने छापू.

कणीक धुण्याचा प्रयोग मात्र याच बैठकीत करा. तो रबरासारखा गोळा एकदा हातात घेतलात की घरी कुणालाही समजावून सांगता येईल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, उपनगर विभाग